शिक्केमास्तरांची तपासणी

पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या नवऱ्याला पोहता येत नाही, हा विनोद नातेवाइकांत इतका जुना झाला होता की आता त्यावर धड कोणी हसतही नसे. तरी चार माणसं जमली की एखादा म्हणायचाच, "काय मास्तर, आंघोळ तरी करता ना?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "करतो, पण बादली अर्धीच घेतो. उगाच जोखीम नको." मग मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळायची.

हे मास्तर शाळेतले नव्हेत बरं का. हे सिलेंडर तपासायचे. दवाखान्यातले ऑक्सिजनचे, आगीच्या बंबावरच्या लोकांच्या पाठीवरचे, वेल्डिंगवाल्यांचे, आणि वर्षाकाठी पाच-पंचवीस पाणबुड्यांचेही. दर पाच वर्षांनी प्रत्येक सिलेंडर त्यांच्यासमोर यायचा. ते त्याचा व्हॉल्व्ह काढायचे, आत दिवा सोडून गंज बघायचे, मग त्यात काठोकाठ पाणी भरून त्याला पाण्याच्याच एका जाड टाकीत उतरवायचे आणि नेहमीच्या दीडपट दाब द्यायचे. दाबाखाली लोखंडसुद्धा फुगतं हो! शेजारच्या काचेच्या नळीत पाणी किती चढलं त्यावरून ते किती फुगलं ते कळतं. दाब काढला की सिलेंडरनं परत आपल्या मूळ मापावर यायचं. आला तर पास, नाही आला तर भंगारात. पास झालेल्याच्या खांद्यावर मास्तर पोलादी ठशांनी महिना आणि वर्ष ठोकायचे. म्हणून शिक्केमास्तर.

त्या ठशांची एक लाकडी पेटी होती, शून्यापासून नऊपर्यंत. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्यानंच शिक्का मारायचा, बघण्याआधी मारायचा नाही आणि दुसऱ्याच्या भरवशावर तर मुळीच मारायचा नाही, हा मास्तरांचा कायदा. एकदा घरी आणलेल्या पेटीतला सातचा ठसा घेऊन बाईंनी भिंतीतला खिळा आत बसवला, तर पुढचे दोन दिवस मास्तर जेवताना फक्त "पुरे" एवढंच बोलत होते.

आणि बाई? बाई एकतीस वर्षं तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या होत्या. चार हजारांवर माणसं त्यांनी तरंगती केली. पण साडेपाच फुटांच्या पलीकडचं पाणी त्यांनी स्वतः कधी बघितलं नव्हतं. आता वर्षअखेर त्या निवृत्त होणार होत्या. "एकतीस वर्षं मी तळाशी काय बघितलं? फरशा," त्या म्हणायच्या. "निळ्या फरशा आणि पोरींच्या डोक्यातल्या पिना. एकदा तरी मला खरा तळ बघायचाय."

म्हणून ते बेट. उबदार समुद्रातलं, प्रवाळाचं, आधी विमानानं आणि मग बोटीनं तीन तास. तिथे स्कूबा डायव्हिंग शिकवणारी एक छोटी शाळा होती. चार दिवसांचा अभ्यासक्रम, शेवटच्या दिवशी अठरा मीटर खोल. यापूर्वी दोनदा हा बेत झाला होता. पहिल्यांदा लेकीची चाहूल लागली, दुसऱ्यांदा मास्तरांच्या वडिलांचं आजारपण निघालं. या वेळी बाईंनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून बेटाचा नकाशाच लावला, चार टाचण्या टोचून. बशी काढायला दार उघडलं की समुद्र दिसायचा.

बेत आखण्यात मास्तर कुठे कमी पडले असं कोणी म्हणू नये. कोरड्यावरचं कुठलंही काम त्यांनी हौसेनं केलं. बोटीचं वेळापत्रक पाठ केलं. बॅगा रिकाम्या असतानाच ताणकाट्यावर टांगून वजन घेतलं. शेवटच्या बुडीनंतर पूर्ण दिवस विमानात बसायचं नसतं, अंगात मुरलेला वायू निघून जावा लागतो, हे बाईंनी वाचून दाखवल्यावर "अगदी बरोबर आहे" असं म्हणून त्यांनी परतीचं तिकीट एका दिवसानं पुढे ढकललं. घोडं अडलं ते पाण्यापाशी.

एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाईंनी फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला.

"हे बघा, सगळं भरलंय. वय, रक्तगट, दमा नाही, हृदयाचं काही नाही. एवढा एक रकाना तुमचा तुम्ही भरा."

रकाना होता, 'पोहता येते का? होय / नाही.'

"भरू की. महिना-सव्वा महिना आहे अजून."

"महिन्याभरात मी दगड तरंगवलेत अहो. दोनशे मीटर पोहायचं आणि दहा मिनिटं पाठीवर तरंगायचं, एवढीच त्यांची अट आहे. रोज सकाळी सहाला या. पोरांची बॅच सातला असते. तासभर तलाव रिकामा. कोणी बघणार नाही."

कोणी बघणार नाही, हे बाईंनी मुद्दाम म्हटलं. त्यालाही इतिहास होता. बाई तलावावर नव्या होत्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला एकदा पाण्यात उतरवलं होतं. तिसऱ्याच मिनिटाला मास्तरांच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्यांनी "मेलो, मेलो!" म्हणून आरडाओरडा केला आणि काठावरची वीस पोरं पोट धरून हसली. पाणी होतं छातीपर्यंत. त्या दिवशी मास्तरांनी कानाला खडा लावला, तो आजतागायत.

"आणि आणखी एक सांगते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "तिथे एकट्याला खाली सोडत नाहीत. जोडी लागते. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपली द्यायची. मी तर जाणार, ते ठरलं. जोडीला तुम्ही आलात तर मला हवंच आहे. नाहीतर डॉक्टरीणबाई तयार आहेत. विचारलंय मी त्यांना."

डॉक्टरीणबाई म्हणजे बाईंची जुनी विद्यार्थिनी. भली बाई. पण चौतीस वर्षांच्या संसारात आपल्या जागेवर राखीव खेळाडू तयार बसलाय हे ऐकून मास्तरांना जे वाटलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यांना ओरडून सांगायचं होतं की मीच येणार. तोंडातून निघालं ते भलतंच.

"आधी त्यांचे सिलेंडर कसले आहेत ते बघायला हवं," ते म्हणाले.

सोमवारी कामावर गेल्यागेल्या मास्तर पत्र लिहायला बसले. आता माणूस नुसतं विचारेल ना, की बाबांनो, आम्ही अमुक तारखेला येतोय, तुमचे सिलेंडर कधी तपासले होते? पण चौतीस वर्षं एकाच तऱ्हेची पत्रं लिहिलेल्या हाताला दुसरी तऱ्हा येते कुठे? त्यांनी छापील कागद घेतला आणि लिहिलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या ताब्यातील सर्व सिलेंडरांचे अनुक्रमांक, मागील दाबचाचणीची तारीख व तपासणाऱ्याचे नाव सात दिवसांच्या आत सादर करावे. अधोस्वाक्षरीकार पुढील महिन्याच्या बारा तारखेस आपल्या ठिकाणी प्रत्यक्ष उपस्थित राहतील. मुदत संपलेला सिलेंडर आढळल्यास त्याचा वापर तात्काळ थांबविण्यात येईल.' खाली सही. सहीवर गोल शिक्का.

मास्तरांच्या मनात एवढंच होतं की मुदत संपलेला सिलेंडर आपण पाठीला लावणार नाही. आणि मनाच्या तळाशी आणखी एक होतं, ते पण सांगून टाकतो. सिलेंडर खराब निघाले तर बेत आपोआप मोडेल, आपल्याला 'नाही' म्हणावं लागणार नाही आणि अब्रूही राहील. बुकिंग होतं बाईंच्या नावावर. त्यामुळे बारा तारखेला येणारा हा अधोस्वाक्षरीकार सुट्टीवर येणारा एक भित्रा नवरा आहे, हे तिकडे कळायला काही मार्गच नव्हता.

नवव्या दिवशी संध्याकाळी जेवताना बाईंचा फोन वाजला. त्यांनी निरोप वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"मेला! कुठला कोण तपासनीस उपटलाय!"

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बेटावर सरकारी तपासणी लागलीय म्हणे. नेमकी आपल्या बारा तारखेला! घाबरून त्यांनी सगळेच्या सगळे सिलेंडर बोटीनं तपासायला पाठवले. शाळा बंद. बुकिंगं रद्द." बाईंनी ताट बाजूला सारलं. "असला कसला टिकोजीराव आहे हा? वर्षभरात दुसरी तारीख सापडली नाही मेल्याला?"

मास्तरांचा घास तिथेच थांबला. तेवढ्यात बाईंनी लेकीला फोन लावलाही होता. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि आईवर गेलेली होती.

"आई, तक्रार कर त्या माणसाची!" लेक फोनवर गरजली.

"करणारच! नाव काढून घेते त्याचं. बाबांना सगळे ओळखतात या धंद्यातले. काय हो, तुम्ही ओळखत असाल ना त्याला?"

"असेन... असेन ओळखत," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायले.

पहिल्यांदा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला? छातीवरचा दगड उतरला. पण मग बाई उठल्या, कपाटाचं दार उघडलं आणि नकाशाच्या एकेक टाचण्या काढून वाटीत टाकायला लागल्या. चार वेळा टिण टिण आवाज झाला. नकाशाची घडी घालून त्यांनी ती जुन्या वर्तमानपत्रांखाली सारली. मास्तरांना त्या रात्री स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्याला डोळा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी एक खोकं आलं. बाई ते न उघडताच दाराजवळ ठेवत म्हणाल्या, "हे परत पाठवायचंय. उद्या जाता जाता देऊन टाका."

"काय आहे?"

"तुमचा मास्क. पाण्यात घालायचा."

मास्तरांनी खोकं उघडलं. मास्कच्या काचेच्या कोपऱ्यात एक बारीक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर त्यांच्या डोळ्यांचा नंबर होता. उजवा उणे चार, डावा उणे साडेचार. बाई गुपचूप चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर घेऊन आल्या होत्या आणि काचा करवून घेतल्या होत्या. खाली नवऱ्याला मासे धूसर दिसू नयेत म्हणून! पोहता येत नाही, येणार आहे की नाही तेही ठाऊक नाही, रकाना रिकामा, आणि हिनं काचा करवल्या. मास्तरांनी चष्मा काढला आणि मास्क चढवला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायको लख्ख दिसली. दमलेली दिसली.

"तो टिकोजीराव मीच," मास्तर म्हणाले. मास्कमध्ये नाक बंद, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा आला.

"काय म्हणालात? काढा ते आधी, काही कळत नाहीये."

"नको, असू दे. असंच बोलतो." मास्तरांनी पट्टा आणखी आवळला. "पत्र मी लिहिलं. सहीशिक्क्यानिशी. मी नुसतं विचारत होतो गं, त्यांना तपासणी वाटली."

बाई खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे तुम्हाला यायचंच नव्हतं. मग तसं तोंडानं सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईंबरोबर गेले असते मी. सगळ्या बेटाला वेठीला कशाला धरायचं?"

"यायचं होतं. यायचंय. भीती वाटते मला." मास्तरांना वाटलं होतं हे शब्द निघायला जड जातील, पण आता ते थांबेनात. "पाण्याची वाटते. डोकं आत गेलं की काही सुचत नाही मला. आणि तू बघशील याची त्याहून जास्त वाटते. तू सगळ्या गावाला शिकवलंस आणि मी छातीभर पाण्यात बोंबललो. पुन्हा तसंच झालं तर?"

मास्कच्या काचा आतून धूसर झाल्या. का झाल्या ते सांगायला नको.

बाईंचा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो पुढे आठवडाभर भांड्यांच्या आवाजात ऐकू येत होता. पण त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी मास्क वर सरकवला.

"एकतीस वर्षं मी कोणाला शिकवत आले? घाबरलेल्यांनाच ना? न घाबरणारा माझ्याकडे येतो कशाला? उद्या सहाला या. आणि त्याआधी बेटावरच्या त्या शाळेच्या बाईला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

बेटावरच्या शाळेची मालकीण फोनवर आधी "साहेब, साहेब" करत होती. मास्तरांनी सगळा प्रकार सांगितल्यावर तिचं 'साहेब' एकदम बंद झालं. मग ती जी सुरू झाली! बत्तीस सिलेंडर तिनं एकेक करून बोटीत चढवले होते, तिची कंबर धरली होती. मास्तर मान खाली घालून "हो बाई, चुकलं बाई" म्हणत राहिले. शेवटी तिचा दम संपला.

"बरं, आता एक सांगते," ती म्हणाली. "बत्तीसातले दोन नापास झालेत. आतून गंजलेले. म्हणून तुम्हाला एवढ्यावर सोडते."

"कितव्या वर्षाचे होते? व्हॉल्व्हच्या खाली गंज की तळाशी?" मास्तर एकदम ताठ बसले. बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"ते येऊन बघा. पण तुम्हाला पोहता येतं ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. हे पहिल्यांदाच त्यांनी विनोद न करता सांगितलं.

चार दिवसांनी तिकडून पत्र आलं. मास्तरांचंच पत्र समोर ठेवून लिहिलेलं असणार. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, नवीन बुकिंग सात आठवड्यांनंतर देण्यात येत आहे. अधोस्वाक्षरीकाराने दोनशे मीटर पोहून व दहा मिनिटे तरंगून, तसा जबाबदार व्यक्तीचा दाखला सादर करावा. स्वतःच स्वतःला दिलेला दाखला चालणार नाही. मुदतीत न आल्यास त्यांना काठावर बसविण्यात येईल.' बाई हे वाचून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. चार दिवसांत घरात झालेलं ते पहिलं हसू.

सकाळची शाळा तर आधीच सुरू झाली होती. पहिला आठवडा मास्तर काठाची दांडी सोडेनात. बाई म्हणायच्या, "तोंड पाण्यात घाला आणि फुंका. चहा फुंकता तसं." दांडी इतकी घट्ट धरायचे की बोटं पांढरी पडायची. दुसऱ्या आठवड्यात एक हात सुटला. तिसऱ्यात पाय मारता आले, फक्त पुढे जायच्या ऐवजी ते गोल फिरायचे. बाई काठावरून ओरडायच्या, "दाब कमी करा, दाब! पाणी तुमचं शत्रू नाहीये." घरी गप्प बसणाऱ्या मास्तरांना इथे उलट बोलायला दम तरी उरायचा कुठे?

चौथ्या आठवड्यात घात झाला. तलावाच्या मधोमध मास्तरांच्या घशात पाणी गेलं, त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी बाईंच्या खांद्याला अशी मिठी मारली की दोघंही खाली गेली. बाईंनी त्यांना काठाशी आणलं. खांद्यावर चार नखांचे लाल ओरखडे उठले होते. मास्तर वर बसून खोकत होते आणि ओरखड्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "आज कामावर लवकर जायचंय. तू जा."

बाईंनी शिट्टी गळ्यात घातली. पिशवी उचलली आणि गेल्या. मास्तरांनी स्वतःसाठी चहा ठेवला आणि कप काढायला कपाट उघडलं. दाराला आतून नकाशा लावलेला होता. चार टाचण्या परत जागच्या जागी होत्या. कधी लावला कोण जाणे! नकाशाखाली फॉर्म होता. त्यात जोडीदाराच्या जागी मास्तरांचं नाव होतं, डॉक्टरीणबाईंचं नाही, आणि रकाना अजून रिकामाच होता. ओरखडे ताजे असताना या बाईनं सकाळी उठून हे दार उघडलं असणार, हा फॉर्म बघितला असणार, आणि नाव खोडलं नव्हतं.

मास्तरांनी चहा तसाच ठेवून गॅस बंद केला. सहा वीसला ते धापा टाकत तलावावर पोचले. बाई पाण्यात उभ्याच होत्या.

"वीस मिनिटं उशीर झालाय," त्या म्हणाल्या. "उतरा."

सातव्या आठवड्यातल्या शुक्रवारी परीक्षा होती. नंबरचा मास्क चढवून मास्तर दोनशे मीटर पोहले. कसे पोहले ते विचारू नका. पाणी जिकडे तिकडे उडत होतं, दोनदा वाट चुकून ते कडेच्या भिंतीला धडकले, पण दांडीला हात लागला नाही. मग ते पाठीवर वळले. बाईंनी काठावरून घड्याळ चालू केलं.

कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. वर पत्र्याचं छप्पर होतं. मास्तरांनी त्यावरचे रिव्हेटचे खिळे मोजायला घेतले, सवयच ती. छत्तिसाव्या खिळ्याला एक लहान लाट तोंडावरून गेली. पूर्वीचे मास्तर असते तर संपलंच होतं. त्यांनी श्वास धरला, मग सोडला, हळू, चहा फुंकल्यासारखा. अंग खाली गेलं आणि परत वर आलं. आलं की! त्यांना त्यांची टाकी आठवली. चौतीस वर्षं त्यांनी सिलेंडर पाण्यात उतरवले होते आणि बाहेर उभं राहून काचेच्या नळीकडे बघितलं होतं. आज आत ते होते आणि बाहेर उभी राहून ती बघत होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना ती दिसली. तिनं एकदाही नजर दुसरीकडे वळवली नाही. तिनं बघावं याची त्यांना इतकी वर्षं भीती होती, आणि आता ती बघतेय म्हणूनच त्यांना तरंगता येत होतं.

बाईंनी हात वर केला. मास्तर उभे राहिले. पाणी छातीपर्यंतच होतं, पूर्वीसारखंच.

"किती झाली?"

"बारा. दहाला सांगणार होते, पण चांगले दिसत होतात, म्हणून सांगितलं नाही."

बाईंनी दाखल्यावर सही केली. मास्तर अंग पुसून आपल्या पिशवीपाशी गेले आणि त्यांनी ठशांची लाकडी पेटी बाहेर काढली. सोबत हातोडी, लोखंडाचा ठोकळा आणि रुपयाएवढी पितळेची चकती. हे सगळं त्यांनी बाईंसमोर फरशीवर मांडलं.

"हे काय?"

"तू बघितलंस. शिक्का तू मार."

बाईंनी पेटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सातला हात लावू ना नक्की?"

"लाव. सगळे लाव."

त्यांनी महिना ठोकला. मग वर्ष ठोकलं. शेवटच्या आकड्याच्या वेळी ओला हात घसरला आणि आकडा तिरका बसला.

"तिरका आला. घासून परत मारू?"

दुसऱ्या कोणी असा शिक्का मारला असता तर मास्तरांनी कारखाना डोक्यावर घेतला असता. "राहू दे," ते म्हणाले. "चांगला आलाय."

"किती वर्षं चालतो हा?"

"पाच. मग परत तपासायचं."

"पाच वर्षांनी मी या तलावावर नसेन."

"मग जिथे असशील तिथे तपास."

बाईंनी गळ्यातली दोरी काढली, तिच्यातली शिट्टी सोडवून खिशात टाकली आणि दोरीत चकती ओवून ती मास्तरांच्या गळ्यात घातली. गाठ मारायला त्यांना जरा वेळ लागला, आणि मास्तरही हलले नाहीत. बाहेर सातच्या बॅचच्या चपला वाजायला लागल्या होत्या.

"चला, घरी गेल्यावर तो फॉर्म तेवढा भरून टाका," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता लिहा 'होय'."

"लिहिलंय. सकाळी निघतानाच लिहिलं."

बाई थबकल्या. "तपासणीच्या आधीच?"

"हो," मास्तर म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा."